पुण्याजवळच्या प्लॉटवर सफरचंद लावू की अंजीर? आधी थंडीचा हिशोब बघा

सासवड, भोर, मुळशी साईडला प्लॉट घेतलेले बरेच जण हल्ली कमी थंडीतली सफरचंदाची रोपं आणतात, अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन वगैरे, नाहीतर मग अंजीर. दोन्ही पानगळीची झाडं, पण झोपतात, म्हणजे वाढ थांबवून विश्रांती घेतात, वेगवेगळ्या कारणाने, आणि पुण्यात सगळा फरक तिथेच पडतो.

सफरचंद थंडीने झोपतं आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय नीट उठत नाही. ७ डिग्रीच्या खाली किती तास गेले ते मोजतात, डेलिशस या थंड भागातल्या जातीला १००० च्या आसपास लागतात, अ‍ॅनाला २००-३००. ऐकायला कमी वाटतं, पण आपल्याकडे जानेवारीतसुद्धा रात्री साधारण ११-१२ डिग्री असतात, पारा ७ खाली गेला तर पेपरात बातमी येते आणि तेही पहाटेच्या काही तासांपुरतं, वर दुपारी ऊन ३० पर्यंत गेलं की जमा झालेली थंडीही वजा होते. झाड यामुळे मरत नाही, गोंधळतं. फांदी जवळून बघा, शेंड्याचा डोळा (कोंब) फुटलेला असतो आणि खाली हातभर फांदी नुसती उघडी, नखाने साल खरवडली तर आत हिरवीगार, म्हणजे जिवंत आहे पण डोळे उठतच नाहीयेत. शेजारच्या फांदीवर जुनी पानं तशीच. त्यात अ‍ॅनाला परागासाठी डॉर्सेट सोबत लागतं, दोघांची फुलं एका वेळी आली नाहीत तर फळ धरणार कुठून?

उपाय आहे. इंडोनेशियात जावा बेटावर बाटूला फळं उतरवली की हाताने सगळी पानं काढतात, झाड गाढ झोपायच्या आधीच परत फुटतं. ४-५ झाडांना जमेल, पण दरवेळी करावं लागेल. नारायणगावचे द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात ते डोळे एकसारखे फुटावेत म्हणूनच, पण ते विषारी आहे, घरच्या बागेत प्लीज नको.

अंजिराला थंडी नावापुरती लागते, त्याची झोप आपल्या हातात असते. पाणी तोडून ताण द्यायचा, पानं पिवळी पडून गळली की छाटणी, खत, मग पाणी, आणि नव्या फुटीवर पानाच्या बगलेतच फळ धरतं. पुरंदरचे शेतकरी असेच बहार (फळांचा हंगाम) धरतात, पावसाळ्यातला खट्टा आणि पावसानंतरचा मीठा, खायला मीठाच भारी. पूना अंजिराला परागीकरण लागत नाही, एकटं झाड चालतं. त्रास म्हणजे तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग), पाखरं, आणि पिकलेलं फळ एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही.

माझं मत विचाराल तर सासवड-दिवे पट्ट्यात डोळे झाकून अंजीर. मुळशीच्या पावसात मात्र तांबेरा पानं ठेवणार नाही, तिथे अंजिराचाही हट्ट नको. सफरचंद हौस म्हणून दोन जातींची जोडी लावा, पानं काढायची तयारी असेल तरच, आणि त्याची ड्रिपची लाईन वेगळी ठेवा, नाहीतर अंजिराला ताण देताना सफरचंदाचंही पाणी तुटेल.