दोन हिवाळे हीट पंपासोबत

आमचा जुना एसी अकरा वर्षं चालला. शेवटच्या उन्हाळ्यात त्यात दोनदा गॅस भरला. तिसऱ्यांदा मेकॅनिकनं स्वतःच हात टेकले. "कॉइलला बारीक छिद्रं पडलीत ताई, आता यात पैसे घालू नका." मग घरात चर्चा सुरू झाली. पुन्हा नुसता थंड करणारा एसी घ्यायचा, की थंड-गरम दोन्ही करणारा, म्हणजे हीट पंप? आम्ही हीट पंप घेतला. दीड टनाचा, इन्व्हर्टर, आर-३२ गॅसवर चालणारा. त्याला आता दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे झाले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खोली वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे तोंड केलेली. उन्हाळ्यात दुपारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि हिवाळ्यात तीच भिंत रात्रभर गारवा सोडत राहते. या खोलीत आई झोपते. थंडीत तिचे गुडघे सकाळी इतके आखडलेले असतात की पलंगावरून उतरायलाच तिला पाच मिनिटं लागतात. आत्तापर्यंत तिच्यासाठी २००० वॅटचा रूम हीटर संध्याकाळपासून लावलेला असायचा. आमचा निर्णय खरं तर त्या हीटरनं केला.

दुकानात विक्रेत्यानं सांगितलं होतं की, "हीटिंगवाल्या मॉडेलमध्ये आत हीटरची कॉइल असते." हे बरोबर नाही, आणि याच गैरसमजापायी अनेक जण हे मॉडेल नाकारतात. साधा एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हीट पंप हे तेच यंत्र आहे. तोच कॉम्प्रेसर, तेच कॉपरचे पाइप. फक्त त्यात गॅसची दिशा उलटवणारा एक रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो आणि बाहेरच्या युनिटवर बर्फ धरला तर तो वितळवण्याची सोय असते. दिशा उलटली की बाहेरचं कॉइल हवेपेक्षा गार होतं, आतलं तापतं आणि उष्णता बाहेरून आत येऊ लागते. बाहेर ५ अंश असताना तिथे कसली उष्णता, असं आईनंही विचारलं. पण आर-३२ हा गॅस साध्या वातावरणीय दाबाला उणे ५१-५२ अंशांनाच उकळतो. त्याच्या मानानं ५ अंशांची हवा चांगलीच ऊबदार आहे.

म्हणूनच हिशोब बदलतो. रूम हीटरमध्ये एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त मिळूच शकत नाही. हीट पंपाची वीज उष्णता तयार करण्यात जात नाही, ती वाहून आणण्यात जाते. त्यामुळे बाहेर ७ अंशांच्या आसपास असताना चांगलं यंत्र एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता आत आणतं. ही कल्पना काही कालपरवाची नाही. शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये इमारती गरम करण्यासाठी असं यंत्र सुचवलं होतं, म्हणजे अमेरिकन अभियंता विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये छापखान्यासाठी वातानुकूलनाची यंत्रणा आखली त्याच्याही पन्नास वर्षं आधी. हे वाचलं तेव्हापासून 'नवीन तंत्र आहे, जरा थांबू' हा सल्ला मी मनावर घेणं सोडलं.

आकडे स्वतः पाहावेत म्हणून मी वीज मोजणारं छोटं मीटर आधी हीटरला लावलं, नंतर नव्या यंत्राला. बाहेर साधारण ८ अंश असलेल्या संध्याकाळी सहा ते अकरा या पाच तासांत, खोली २१ अंशांवर ठेवायला हीटरला साडेसात युनिट लागले होते. हीट पंपानं तेवढंच काम सव्वादोन ते अडीच युनिटमध्ये केलं. बाहेर १-२ अंश असलेल्या दमट रात्री मात्र आकडा चारच्या जवळ गेला. तरी हीटरच्या साडेसातपेक्षा बराच कमी.

उन्हाळ्याबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आमचं उन्हाळ्यातलं बिलही बरंच उतरलं, पण त्याचं श्रेय हीट पंपाला नाही. जुना एसी पूर्ण जोरात चालायचा, मग बंद पडायचा, पुन्हा धाडकन सुरू व्हायचा. नवा इन्व्हर्टर आहे, तो हळू गतीनं अखंड चालत राहतो. बचत झाली ती त्यामुळे, आणि तीच बचत त्याच दर्जाच्या साध्या इन्व्हर्टर एसीतही झाली असती. थंड करण्याच्या बाबतीत या दोघांत घेणाऱ्याला जाणवेल असा काहीच फरक नाही. कुणी 'हीट पंप उन्हाळ्यात जास्त गार करतो' असं सांगून विकत असेल, तर तिथून उठावं. यातला खरा प्रश्न एवढाच असतो, की हिवाळ्यात तुमच्या घरी किती तास हीटर चालतो.

आता राहण्याचा अनुभव. रूम हीटरसमोर बसलं की दोन मिनिटांत पाय भाजायला लागतात. हीट पंपाच्या तोंडाशी हवा साधारण ३५ ते ४५ अंशांची असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात आईला वाटायचं की हा नीट गरमच करत नाही. ती रिमोटवर थेट ३० करायची. तसं केल्यानं खोली फारशी लवकर तापत नाही, नंतर मात्र गरजेपेक्षा जास्त तापते आणि वीज वाया जाते. आता आम्ही झोपायच्या दोन तास आधी २१ वर लावतो आणि रात्रभर १९ वर ठेवतो. खोलीतला प्रत्येक कोपरा सारखा ऊबदार होतो. लाल तापलेल्या तारांजवळ पांघरूण जाईल ही माझी रात्रीची धास्ती संपली, हे मला विजेच्या बचतीपेक्षा मोठं वाटतं.

एक चूक आमच्या लक्षात यायला महिना गेला. भिंतीवरच्या उंच युनिटमधून निघालेली गरम हवा वरच तरंगत राहते. दोन थर्मामीटर ठेवून पाहिलं, तर छताजवळ २५ आणि पलंगाच्या पायाशी १८. उन्हाळ्यातल्या सवयीनं आम्ही हवा वळवणाऱ्या पट्ट्या आडव्या ठेवल्या होत्या. त्या पूर्ण खाली वळवल्या आणि पंख्याचा वेग एक घर वाढवला, तेव्हा फरक दोन-अडीच अंशांवर आला. थंड करताना पट्ट्या आडव्या, गरम करताना खाली. माहितीपुस्तिकेत हे होतं, पण पुस्तिका आम्ही नीट वाचलीच नव्हती.

दुसरा धक्का डिफ्रॉस्टचा. पहिल्याच कडक थंडीच्या रात्री दीड वाजता आतला पंखा बंद पडला, बाहेरून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला, आणि खिडकीतून पाहते तर आउटडोअर युनिटमधून वाफा निघताहेत. मला वाटलं, जळलं. प्रत्यक्षात बाहेरच्या कॉइलवर दव गोठून बर्फ धरला होता आणि तो वितळवायला यंत्रानं काही मिनिटं आपली दिशा उलटवली होती. सहा मिनिटांनी पुन्हा गरम हवा सुरू झाली. कोरड्या थंडीत हे क्वचित होतं. ओलसर, शून्याच्या जरा वरच्या हवेत जास्त. आता आईची झोपही त्यानं मोडत नाही.

पण त्या वितळलेल्या पाण्याचं काय? उन्हाळ्यात पाणी आतल्या युनिटमधून गळतं, त्याला ड्रेन पाइप असतो. हिवाळ्यात ते बाहेरच्या युनिटखाली गळतं, आणि बसवणाऱ्यांनी तिथे काहीच सोय केली नव्हती. पाणी खालच्या खिडकीच्या छज्जावर पडून शेवाळ धरलं. खालच्या घरच्या काकूंनी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. नंतर ड्रेनची जोडणी वेगळी करून घेतली. याच बसवणाऱ्यांनी पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप न लावता थोडा गॅस सोडून आतली हवा बाहेर काढायची घाई चालवली होती. मी अडून बसले, म्हणून पंप आला. पाइपात हवा आणि ओल राहिली तर कितीही चांगलं यंत्र नीट चालत नाही आणि कॉम्प्रेसर लवकर जातो. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, तो असा मोकळा सोडणं मुळातच चुकीचं. यंत्र निवडायला आम्ही तीन आठवडे घालवले आणि बसवणाऱ्यांची चौकशी एका फोनमध्ये आटोपली. ते उलट व्हायला हवं होतं.

'यानं हवा कोरडी होत नाही' हेही आम्हाला सांगण्यात आलं होतं. होते. बाहेरची ८ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २१ अंशांना पोचली, की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते, मग ती कशानंही तापवा. आईचा घसा सकाळी कोरडा पडतो, तो हीटरच्या दिवसांतही पडायचा.

घेताना आणखी एक पाहा. गरम करण्याची जी क्षमता खोक्यावर लिहिलेली असते, ती बाहेर ७ अंश धरून मोजलेली असते. थंडी वाढते तसतशी क्षमता घटते, आणि नेमकी तेव्हाच गरज वाढते. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात असेल, तर उणे ७ अंशांना किती उष्णता मिळते हा आकडा मागून घ्या. कडाक्याच्या थंडीसाठी बनवलेली, उणे २५ पर्यंत चालणारी मॉडेलंही असतात, पण साध्या हीट पंपाकडून ती अपेक्षा करू नये. उलट, वर्षातले आठ-दहा दिवसच हीटर काढावा लागत असेल, तर चांगला साधा इन्व्हर्टर एसी घ्या आणि तो हीटर राहू द्या. जास्तीचे पैसे तेवढ्या दिवसांत वसूल होणार नाहीत.

आमच्याकडे थंडी तीन महिने असते. रूम हीटर माळ्यावर गेला तो गेल्या दोन हिवाळ्यांत एकदाच खाली आला, वीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला सॉकेट तपासायला काहीतरी हवं होतं म्हणून. आई सकाळी सहाला उठते तेव्हा खोलीत १९ अंश असतात, आणि हल्ली ती पलंगाच्या कडेला बसून न राहता थेट उभी राहते.