खिशातलं लिनक्स: आठ महिन्यांनंतर

घर जुळे सोलापुरात, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात. रोज लॅपटॉप वागवायचा कंटाळा, म्हणून २५६ जीबीची एसएसडी डिस्क यूएसबी केसमध्ये घातली आणि तिच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. घरी पहिल्याच फटक्यात चालू झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पीसीला लावली, तर तिथून बूटच होईना. तेवढ्यात घरून फोन: "अहो, लॅपटॉपवर नुसतं काळं आलंय, ग्रब का काय लिहिलंय." दोन्हीकडे एकदम बोंब. मेंटेनन्सवाल्या मित्राने डिस्क उघडून बघितली. म्हणाला, "डिस्क आणलीस, किल्ली घरीच ठेवून आलास की बे!"

तसंच झालं होतं. सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर; मिंटचा बूटलोडर म्हणजे ग्रब. मी त्याच्यासाठी बाहेरची डिस्क निवडली होती, तरी इन्स्टॉलरने तो लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर, विंडोजच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींसाठी राखलेल्या भागात) टाकला आणि नोंद मदरबोर्डच्या मेमरीत केली. ती नोंद त्या मदरबोर्डपुरतीच. ऑफिसच्या पीसीला तिची काय खबर? अनोळखी डिस्क लावली की यूईएफआय (पीसी चालू होताना आधी चालणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) तिच्यावरचं फॅट पार्टिशन धरतं आणि एकाच ठरलेल्या पत्त्यावर जातं: ईएफआय फोल्डर, त्यात बूट, त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’. ती फाइल नसली की बाकी सगळं असून नसल्यासारखं.

बाहेरच्या डिस्कवर जीपार्टेडने (पार्टिशन पाडायच्या प्रोग्रॅमने) ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन काढलं, ग्रब त्या ठरलेल्या पत्त्यावर पडावं म्हणून ग्रब-इन्स्टॉल ‘रिमूव्हेबल’ पर्याय देऊन चालवलं, लॅपटॉपमध्ये बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर परत वर नेला. पाऊण तासाचं काम. आता कुणाला करून देताना आतली डिस्क आधी काढून ठेवतो.

नंतर फारसा त्रास नाही. एका पीसीवर फास्ट बूट बंद करावं लागलं, कारण त्या घाईत तो यूएसबी बघतच नव्हता. सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) चालूच आहे; मिंटच्या शिमवर, म्हणजे ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे अडलं नाही. मे महिन्यात केस मात्र अशी तापते की वर शेंगा भाजाव्यात.

गोडाऊनमधला पीसी जुन्या बायोसचा, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या पद्धतीचा. त्याला फाइल-फोल्डर कळत नाही. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलतो, शेवटी ‘५५ एए’ ही खूण दिसली की त्या बाइटांमधल्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार देतो. त्याच्यासाठी १ एमबीचं वेगळं पार्टिशन काढून बायोसचं ग्रबही टाकलं. चालतं, पण यूएसबी २ वर डेस्कटॉप येईस्तोवर माझा चहा पिऊन होतो.