व्हॅक्यूम गेज: जुन्या पद्मिनीचं मिसिंग शोधायला किती कामाचा?

प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन साधं आहे, तरी त्यातलं मिसिंग (सिलेंडर अधूनमधून न पेटणं) कधी कधी महिनोन्‌महिने हाती लागत नाही. प्लग बदलले, सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे कॉन्टॅक्ट) बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलला, तरी सिग्नलला गाडी थरथरतेच. अशा वेळी पुढचा पार्ट आणण्याआधी व्हॅक्यूम आणि फ्यूएल पंप टेस्टर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. साधा टेस्टर हजार-दोन हजारांत मिळतो आणि एकाच डायलवर व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची हवा ओढण्याची ताकद (पाऱ्याच्या इंचांत), आणि पंपाचा दाब (पीएसआयमध्ये) दोन्ही दाखवतो.

पहिली अडचण जोडणीची. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या नळीला हा गेज लावू नका. ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी ती नळी सहसा थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या) पाकळीच्या वरून निघते, त्यामुळे आयडलिंगला काटा शून्याजवळच राहतो आणि धडधाकट इंजिनवर संशय येतो. व्हॅक्यूम पाकळीच्या खालून घ्यायचा. तिथे तयार जागा नसेल तर कार्बोरेटरखालच्या स्पेसरमध्ये भोक पाडून निप्पल बसवून घ्या. त्यासाठी स्पेसर काढूनच ड्रिल करा, नाहीतर कीस थेट इंजिनात जातो.

इंजिन पूर्ण गरम झालं की आयडलिंगला मुंबईत 17 ते 21 इंचांवर काटा स्थिर हवा. दर 300 मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होतो, म्हणून पुण्यात दोन इंच कमी दिसले तर काळजी नको. खरी माहिती मात्र आकड्यापेक्षा काट्याच्या चालीत असते. काटा स्थिर पण दोन-तीन इंच खाली असेल तर आधी टाइमिंग रिटार्ड झालंय का, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय का बघा. ठरावीक ठेक्यात खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा एक सिलेंडर काम करत नाही. आयडलिंगला भराभर थरथरतो आणि रेस दिल्यावर शांत होतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. 2500 आरपीएमवर धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर चोंदलाय.

जुन्या सोलेक्स कार्बोरेटरवर तर हा गेज पैसे वसूल करतो. काटा खाली आणि अस्थिर असेल तर थ्रॉटल स्पिंडल (पाकळी फिरवणारी दांडी) जिथून बाहेर येतो तिथे इंजिन ऑइलचे दोन थेंब टाका. भोक झिजून तिथून एअर घेत असेल तर काटा लगेच किंचित वर चढतो, आवाजही सुधारतो, आणि तेल आत ओढलं गेलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं. हा दोष गॅस्केट किटने जात नाही. लेथवाल्याकडून बुश (झिजलेल्या भोकात बसणारी धातूची नळकांडी) बसवून घ्यावा लागतो. तसंच फ्लँजच्या (कार्बोरेटरच्या नटांनी आवळलेल्या सपाट बुडाच्या) कडेला करा. नट आवळून आवळून फ्लँजचे कान वाकलेले असतात. कार्बोरेटर काढून काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवला की कळतं. बरेच जण इथे कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते मला अजिबात मान्य नाही, पेट घेऊ शकतो.

दुसरा छळणारा दोष म्हणजे गाडी वीस मिनिटं नीट चालून बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. यासाठी पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जॉइंट) लावून डायल बॉनेटबाहेर, काचेसमोर घट्ट बांधा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका. दाब 2 ते 4 पीएसआयच्या आसपास टिकलेला असताना इंजिन मेलं, तर पंप आणि लाइन निर्दोष धरा आणि तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल (ठिणगीच्या सर्किटमधले भाग) तपासा. दाब आधी पडला तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा फस्सकन आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर पंपाचा डायफ्रॅम, टाकीतला गंज, सक्शनची तडकलेली नळी, किंवा एक्झॉस्टजवळून गेलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ. E20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्यायलाच हवं.

गेजची उणीव अशी की स्पार्क त्याला थेट दिसत नाही. म्हणून सोबत प्लग वायरमध्ये बसणारा स्पार्क टेस्टर घ्या; त्याशिवाय कंडेन्सरचा निकाल लागणार नाही. स्वस्त गेजचा काटा फारच नाचतो, तेव्हा नळी क्लिपने थोडी दाबली की वाचता येतो. पण पूर्ण शांत केला तर जळक्या व्हॉल्व्हचा झटकाही दिसेनासा होतो. किटमधली नळी पेट्रोलवर वापरू नका, इथेनॉलला टिकणारी फ्यूएल होज वेगळी आणा. घेताना काटा शून्यावर बसतो का बघा आणि नळीतून तोंडाने हवा ओढून तिच्या टोकावर अंगठा दाबा: वर गेलेला काटा तिथेच राहिला नाही तर तो नग परत करा.