डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश: पहिल्या पंधरवड्यात निकाल देऊ नका

दुकानात ब्रश हातात घेतला की आपण तळहातावर फिरवून बघतो. मऊ लागला तर चांगला, टोचला तर नको. डुकराच्या केसांच्या ब्रशला ही कसोटी लावू नका. मी लावली असती तर माझा ओमेगा 10049 घरी आल्या आल्या परत पाठवला असता, कारण कोरडा असताना तो नारळाच्या काथ्यासारखा लागतो.

ओमेगा ही इटलीतली, बोलोन्याची कंपनी, 1931 पासून ब्रश बनवते. गेल्या दिवाळीत भाच्याने मागवून दिला, साडेअकराशेला पडला. लाल प्लास्टिकची लांब मूठ, फिकट पिवळसर केस. पट्टी लावून बघितलं: केसांची उंची साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, गाठीपाशी, म्हणजे केस मुठीत बसवलेले असतात तिथे, जाडी सत्तावीस मिलिमीटर. आता वर्ष होत आलं, म्हणून लिहितो आहे.

तीस वर्षं मी ट्यूबमधलं क्रीम आणि नायलॉनचा ब्रश वापरला. माझी दाढी राठ आहे, हनुवटीखाली केस आडवेतिडवे वाढतात आणि तिथे रोज आग व्हायची. म्हणून परत साबणाच्या वडीकडे वळलो. पण माझा मऊ नायलॉन त्या घट्ट वडीवरून नुसता घसरत राही, साबण उचलेच ना. साबण खरवडून घ्यायला ब्रशच्या पोटात ताठपणा हवा, आणि तो या केसांत असतो.

आधी इथल्या बाजारातून नव्वद रुपयांचा एक आणला होता, डुकराच्या केसांचा म्हणून. तीन आठवडे झाले तरी रोज गालावर चार-पाच केस चिकटलेले. मग एके दिवशी झुबकाच हातात आला. त्यातला एक केस मी काडीच्या ज्योतीवर धरला, तर तो वितळला आणि टोकाला काळा कडक मणी तयार झाला. म्हणजे प्लास्टिक. खरा केस जळताना केस जळाल्याचाच वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. ओमेगाचा पहिल्या आठवड्यात गळलेला केस मी असाच जाळून बघितला. करपट वास आला आणि भुगा झाला. घेतल्यावर ही परीक्षा जरूर करा, एक गळका केस पुरतो. सुरुवातीला पाच-सात केस गळणं ठीक आहे. महिन्यानंतरही गळत असतील तर चिकटवणीच कच्ची.

पहिल्या दिवशी भिजल्यावर त्याला गोठ्यासारखा वास आला. साबण लावून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी धुतला, असं दोन-तीनदा केलं आणि वास गेला. दुसरी तक्रार अशी की फेस होई, पण गालावर दुसऱ्यांदा लावायच्या वेळी ब्रशमधून काहीच येत नसे. नवा ब्रश फेस गिळतो. तेव्हा साबण दुप्पट घ्यावा लागतो आणि कळ काढावी लागते. बाराव्या-तेराव्या दाढीला गालावर काहीतरी बदललंय असं जाणवलं. विसाव्या दाढीनंतर वाचायचं भिंग घेऊन टोकं बघितली, तर एकेका केसाचं टोक दोन-तीन धाग्यांत फाटलेलं. ही फाटलेली टोकं म्हणजेच मऊपणा. खालचा भाग ताठच राहतो आणि वरचं टोक मखमलीसारखं होतं. हे कारखान्यात पुरतं होत नाही, वापरणाऱ्यालाच करावं लागतं.

माझे वडील बंबातलं गरम पाणी पितळी वाटीत घेत, ब्रश त्यात बुडवून ठेवत आणि मग सावकाश खिडकीत आरसा टांगत. लहानपणी मला ती त्यांची सवय वाटायची. आता कळतं की डुकराचा केस पाणी पितो आणि प्यायल्यावरच नरम होतो. बिज्जू, म्हणजे बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशला एवढं भिजवावं लागत नाही, याला तीन-चार मिनिटं लागतातच. पाणी अंगाला सोसेल एवढंच गरम हवं. उकळतं घातलं तर केसही खराब होतात आणि गाठीतला गोंदही सुटतो.

भिजला की दोनदा झटकायचा. पूर्ण निथळू द्यायचा नाही, थेंब टपकता कामा नये एवढाच. मग वडीवर पाऊण मिनिट गोल फिरवायचा, थोडा दाब देऊन. आधी मोठे बुडबुडे येतात, ते दिसेनासे होऊन टोकांना दह्याच्या सायीसारखा लेप चढला की थांबायचं. पुढचा फेस मी वाटीत करतो, पाणी थेंबाथेंबाने घालत. साबण मात्र दाढीचाच घ्या. त्यात सोड्याबरोबर पोटॅशही असतो, म्हणून फेस दाट होतो आणि टिकतो. अंगाच्या साबणाचा फेस गालावरच वाळून जातो.

पाण्याचाही फरक पडतो. इथे चिपळूणला नळाच्या पाण्यात फेस झटकन होतो. सोलापूरला मेव्हण्याकडे बोअरच्या पाण्यात तोच ब्रश, तीच वडी, आणि वाटीत नुसता पांढरट गाळ. जड पाण्यातला चुना साबणाला धरतो. तिथे पिण्याच्या फिल्टरचं अर्धी वाटी पाणी घेतलं आणि काम झालं. ब्रशला दोष देण्याआधी हे करून बघा.

या ब्रशचा खरा दोष उंची. वाटीत फेस करायला लांब केस छान, पण थेट गालावर फेस करायला गेलं की ते लवतात आणि अर्धा फेस पोटातच अडकून राहतो. गालावरच फेस करणाऱ्यांनी पाच-साडेपाच सेंटीमीटर उंचीचा, चोवीस मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा बघावा. मूठ हलकी आहे, ओल्या हातात घसरत नाही, पण ब्रश एवढा उंच की आमच्या आरशाच्या कपाटात उभा राहत नाही.

आणि पावसाळा. कोकणात जुलैमध्ये चोवीस तासांतही हा सुकला नाही. आठवड्याने गाठीपाशी कुबट वास येऊ लागला. तेव्हापासून साबणाचा अंश न ठेवता धुतो, मुठीत दाबून पाणी काढतो, जोरात झटकतो, कोरड्या पंचावर चार वेळा पुसतो आणि न्हाणीघरात न ठेवता स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो, जिथे वारा आहे. ऑगस्टपासून एक दिवस हा, एक दिवस जुना नायलॉन. त्यानंतर वास आला नाही.

डुकराचे केस ज्यांना धर्माने किंवा मनाने चालत नाहीत, त्यांनी चांगला सिंथेटिक घ्यावा. हल्लीचे पूर्वीच्या नायलॉनपेक्षा पुष्कळ बरे आहेत, लवकर सुकतात आणि प्रवासालाही सोयीचे. सकाळी ज्यांच्याकडे दाढीला पाचच मिनिटं असतात, त्यांचंही याच्याशी जमणार नाही. बिज्जूचा मी भाच्याकडे वापरून बघितला. पहिल्या दिवसापासून मऊ आहे, पण किंमत तिप्पट, आणि माझ्या घट्ट वडीवर तो भाच्याचा ब्रश दबून जातो. माझ्या राठ दाढीला ओमेगाची ती हलकी खरखर हवीशी वाटते. दाढीचे केस उभे राहतात आणि हनुवटीखाली पूर्वी तीनदा फिरणारं ब्लेड आता दोनदाच फिरतं. आग जवळजवळ थांबली आहे.

जून उजाडायच्या आत आणखी एक घेणार आहे, आळीपाळीने वापरायला. तोही डुकराच्याच केसांचा, पण आखूड. आणि नवा आला की पहिले वीस दिवस त्याचेच, हा लाल मुठीचा तोवर खिडकीत.