पोर्शे 944चं हाफ इंजिन: जर्मनीतल्या हाइलब्रॉनजवळच्या एका गॅरेजचा अनुभव

माझी 944 ही 1987ची, अडीच लिटरची साधी आठ व्हॉल्व्हवाली. सहा वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं टकटक ऐकू यायची, गरम झाली की आवाज जायचा. मग सिग्नलवरून निघताना मागे निळा धूर दिसायला लागला. बाबांना फोनवर आवाज ऐकवला. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं बोअरिंगचं मशीन होतं, चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची इंजिनं मोजली. ते म्हणाले, "पिस्टन वाजतोय गं. पण बोअर बघितल्याशिवाय कुणी काही सांगत असेल तर ऐकू नकोस." बोअर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, जिच्या भिंतीवरून पिस्टन सरकतो.

पहिल्या गॅरेजने न बघताच इंजिन उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करा असं सांगितलं. दुसरा म्हणाला, इंजिन न उतरवता नवे पिस्टन बसवून देतो, हमखास होतं. तिसरं गॅरेज हे, ज्यांनी हाफ इंजिन केलं, म्हणजे इंजिन गाडीतच ठेवून पिस्टन बदलले. हाइलब्रॉनच्या बाहेर, दोन लिफ्ट, एक मास्तर आणि एक शिकाऊ मुलगा. (जर्मनीत गॅरेज चालवायला माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा लागते. माझ्या तोंडून पहिल्या दिवसापासून 'मास्तर' असंच निघालं आणि त्यांनाही ते आवडलं.) त्यांना आणखी फोन नको आहेत, म्हणून नाव इथे देत नाही.

त्यांनी आधी गळतीची चाचणी केली. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. माझ्या तिसऱ्या सिलिंडरची हवा तेल भरायच्या तोंडातून येत होती, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ओलांडून खाली जात होती. मास्तरांनी मला बोलवून स्वतःच्या कानाने ऐकायला लावलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

या गाडीत इंजिन उतरवणं जिवावर का येतं, ते सांगायला हवं. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे आणि इंजिनापासून तिथपर्यंत एका जाड नळीतून शाफ्ट जातो. वजन पुढेमागे जवळजवळ सारखं वाटलं जातं, म्हणूनच ती वळणावर इतकी सुंदर चालते. पण इंजिन काढायचं म्हणजे क्लच, ती नळी, सगळीच जोडणी सोडवावी लागते. उलट पिस्टन बाहेर यायला दोनच रस्ते मोकळे लागतात: वरून हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं झाकण, आणि खालून ऑइल चेंबर, म्हणजे तेलाचं भांडं. हेड गाडीतच निघतं. चेंबरच्या आड येतो तो पुढचा आडवा बीम, ज्यावर इंजिनाचे माउंट, स्टिअरिंग रॅक आणि खालचे आर्म बसलेले असतात. तेव्हा दोन्ही मडगार्डच्या कडांवर आडवी दांडी ठेवून इंजिन वरून टांगायचं, बीम उतरवायचा, मग चेंबर. आपल्याकडे ज्याला हाफ इंजिन म्हणतात तेच हे. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य शाफ्ट, जागचा हलत नाही.

आणि क्रँक हलत नाही हीच या पद्धतीची मर्यादा, असं मास्तरांनी काम घ्यायच्या आधीच सांगितलं. कागदावर दोन आकडे लिहून दिले. बोअर चांगले निघाले तर पहिला. एकाही बोअरमध्ये नखाला लागेल असा ओरखडा असला तर काम थांबवायचं, मला फोन करायचा आणि मी हो म्हटलं तरच इंजिन उतरवून दुसऱ्या आकड्याने पुढे जायचं.

कारण 944चा ब्लॉक लायनरवाला नाही, म्हणजे बोअरमध्ये बदलता येईल अशी वेगळी नळी नाही. तो अल्युसिलचा, म्हणजे भरपूर सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा. बोअरच्या पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम किंचित खाऊन काढलेलं असतं, त्यामुळे सिलिकॉनचे कडक कण वर राहतात आणि त्यांच्यावरून लोखंडाचा लेप दिलेला पिस्टन सरकतो. उद्यमनगरात ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला जशी बोअर मारून होनिंगचे दगड फिरवतात, तसं इथे केलं की ते कण उखडतात आणि पृष्ठभाग गेला. याची प्रक्रिया वेगळी असते आणि ती ब्लॉक टेबलावर असल्याशिवाय होत नाही. "हमखास होतं" म्हणणाऱ्या दुसऱ्या माणसाने यातलं काही उच्चारलं नव्हतं.

हेड निघालं त्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले. मास्तरांनी डायल गेज घातला. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि दर ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांना मोजला. शिकाऊ मुलगा आकडे लिहीत होता. चार बोअर, चोवीस आकडे. एका आकड्यावर मास्तर थांबले, गेज पुसला, पुन्हा घातला आणि मुलाला खोडून नवा लिहायला सांगितला. चारही बोअर 100 मिलिमीटरच्या आपापल्या गटात (बारीक फरकांनुसार कारखान्याने ठरवलेल्या मापात) बसले, वरखाली फरक शतांश मिलिमीटरच्या आत. मला रडू येईल असं वाटलं. त्या कागदाचा फोटो तिथूनच बाबांना पाठवला. त्यांनी एकच विचारलं, "तिसऱ्याचा खालचा आकडा पुन्हा घेतला का?" खोडलेला आकडा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

पिस्टन बाहेर आले तेव्हा बिघाड दिसला. तिसऱ्याच्या स्कर्टवरचा, म्हणजे रिंगांखालच्या बाजूच्या भागावरचा, लेप एका बाजूने पार गेला होता, मधली रिंग खाचेत चिकटली होती. डोक्यावर व्हॉल्व्हची चंद्रकोरीसारखी जुनी खूण होती. म्हणजे माझ्या आधी कधीतरी या इंजिनाचा टायमिंग बेल्ट सरकलेला होता. या इंजिनात बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हेड दुरुस्त करून पिस्टन तसाच ठेवला असणार.

कामाची निगा बघून बरं वाटलं. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले होते, म्हणजे रॉड वर ढकलताना क्रँकला चरा पडू नये. क्रँकच्या उघड्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतात त्या भागांवर, स्वच्छ फडकी होती. नवे पिस्टन ब्लॉकवरच्या गटाच्या आकड्याशी जुळवून मागवले, चारांची वजनं केली. रॉडचे बेअरिंग सगळेच नवे घातले. 944मध्ये दोन नंबरचं बेअरिंग जातं हे जगजाहीर आहे आणि चेंबर उघडा असताना ते न बदलणं चूक ठरलं असतं. बेल्ट, रोलर आणि त्याच बेल्टवर चालणारा पाण्याचा पंपही बदलला.

तक्रारी दोन. बीम उतरवला की चाकांचं अलाइनमेंट करावंच लागतं, पण ते अंदाजपत्रकात नव्हतं. मला वेगळं दुसरीकडे करून घ्यावं लागलं. आणि सहाशे किलोमीटरनंतर चेंबरच्या पॅकिंगमधून तेल पाझरायला लागलं. मास्तरांनी दोष मान्य केला, बीम पुन्हा उतरवून फुकट नवं पॅकिंग टाकलं, पण तीन दिवस गाडी नव्हती आणि अलाइनमेंट पुन्हा आलं. ते पैसे मी मागितले तेव्हा दिले. आपणहून द्यायला हवे होते. कामाला सांगितले चार आठवडे, लागले सात. तो उशीर पिस्टन मिळण्याचा होता, तो मी धरत नाही.

चावी मिळून आता 2,300 किलोमीटर झाले. थंडीत सुरू केली तरी टकटक नाही, धूर नाही, तेलाची पातळी काडीवर जिथे होती तिथेच आहे. पुन्हा केलेल्या गळतीच्या चाचणीत चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आले.

944 बहुतेक नेकार्सुल्मच्या कारखान्यात जुळवल्या गेल्या, इथून दहा मिनिटांवर. माझा तिसरा पिस्टन मात्र कोल्हापूरला गेला. दिवाळीला मी तो सामानात नेला. बाबांनी कपाटातून मायक्रोमीटर काढला, स्कर्ट दोन्ही बाजूंनी मोजला आणि आकडा मास्तरांच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला.