गावचा रस्ता डांबरी मागायचा की काँक्रीट? ठराव घेण्याआधी एवढं बघा

सध्या जिकडे बघावं तिकडे काँक्रीटचीच मागणी आहे, लोकांना वाटतं एकदा ओतलं की वीस वर्षं बघायला नको. तसं नसतं हो. आणि डांबरी म्हणजे पहिल्याच पावसात वाहून जाणार हे पण खरं नाही, पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ ला डांबरीच केलेला, १० वर्षांच्या गॅरंटीवर, आणि पुढे कितीतरी वर्षं लोक तिथला खड्डा शोधत होते. उलट मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काँक्रीटचा, तोही २००२ पासून अवजड वाहनं झेलतोय. दोन्ही टिकतात, फक्त खाली काय घातलंय, पाणी कुठं जातंय आणि चौथ्या-पाचव्या वर्षी पैसे कोण देणार हे बघायला लागतं.

गावाकडच्या रस्त्याचं डिझाईन करताना डांबराला साधारण १० वर्षं आणि काँक्रीटला २० वर्षं धरतात. काँक्रीट सुरुवातीलाच महाग, म्हणजे तेवढ्याच निधीत लांबी कमी मिळते, हे ग्रामसभेत कोणी सांगत नाही आणि मग अर्धा रस्ता चकाचक, अर्धा चिखलात. डांबराला सुरुवातीचा खर्च कमी पण दर काही वर्षांनी सीलकोट किंवा कारपेट, म्हणजे वरून डांबराचा नवा पातळ थर, लागतंच, खडी सुटायला लागली की त्याच वर्षी हात लावला तर थोडक्यात भागतं, नाही लावला तर दोन पावसाळ्यांत खालचं खडीकरण उघडं पडतं आणि परत पहिल्यापासून.

आता खरी मेख इथंच आहे. राज्यात नवीन कामाला बजेटच्या ५०५४ या लेखाशीर्षातून (खात्यातून) पैसे येतात, दुरुस्तीला ३०५४ मधून, आणि नवीन काम मंजूर करून आणणं जेवढं जमतं तेवढं दुरुस्तीचं जमत नाही. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरात ठेकेदार आंदोलनाला बसले होते, म्हणजे मंजूर काम आणि हातात आलेला पैसा यात किती अंतर आहे बघा. ग्रामपंचायतींना केंद्राकडून येणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतसुद्धा ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, उरलेल्यात रस्ता, दिवाबत्ती सगळंच बसवायला लागायचं. त्यामुळे ज्या गावाला दुरुस्तीचा पैसा येईल याची खात्री नाही त्यांनी काँक्रीट मागितलं तर मला ते चुकीचं वाटत नाही, गावठाणात तरी नक्कीच, कारण तिथं सांडपाणी रस्त्यावरून वाहतं आणि पाणी साचलं की डांबर टिकत नाही.

पण गावठाणात दोन गोष्टी आधी उरकून घ्या. एक म्हणजे पाईपलाईन. जलजीवनचे पाईप टाकायला किती गावांत नवाकोरा काँक्रीट रस्ता ब्रेकरने फोडला ते आजूबाजूला विचारा, तो चर नंतर नुसत्या मातीने बुजवतात आणि तिथूनच रस्ता खचायला सुरुवात होते. दुसरं म्हणजे लेव्हल. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सहा-आठ इंच ओतलं की रस्ता वर, घरं खाली, आणि पावसाचं पाणी सरळ उंबऱ्यातून आत, म्हाताऱ्या माणसांनी रात्रभर तांब्याने पाणी उपसायचं. हे होऊ देऊ नका. गटार आधी, रस्ता नंतर.

शिवारातून जाणाऱ्या लांब रस्त्याला मात्र माझं मत डांबराचं. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अशा जमिनीवर मुरुमाचा थर नीट दाबलेला नसेल तर काँक्रीटला तडे जातात आणि ते दुरुस्त करणं गावाच्या आवाक्याबाहेरचं असतं, डांबराचा खड्डा निदान बुजवता तरी येतो. ऊस वाहतूक असेल तर मात्र ट्रॉल्यांचं वजन अंदाजपत्रकात धरलंय का ते विचाराच.

काँक्रीट केलंत तर पाणी मारणं सोडू नका, पोती टाकून, आळी करून ओलं ठेवायला लागतं, त्याची ताकद २८ दिवसांवर मोजतात आणि आपल्याकडे चौथ्या दिवशी ट्रॅक्टर घालतात.

वर्क ऑर्डरची झेरॉक्स मागून ठेवा, त्यात दोष दायित्व कालावधी किती लिहिलाय ते बघा, आणि तो संपायच्या आत प्रत्येक पावसाळ्यानंतर फोटोसकट लेखी तक्रार देऊन पोच घ्या, कारण त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, गावाच्या नाही.