पुश नोटिफिकेशनचं पॅकेज घेण्याआधी किल्ली कोणाकडे राहणार ते विचारा

तुर्भ्यातल्या एका हापूस विक्रेत्याच्या ग्राहकांना ऐन एप्रिलमध्ये त्याच्याच दुकानाच्या नावाने रमीच्या जाहिराती जाऊ लागल्या. 'आजचा बोनस घ्या' असा मजकूर, भडक चित्र आणि खाली बारीक अक्षरांत आंब्याच्या वेबसाइटचा पत्ता. जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून झापलं तेव्हा कुठे मालकाला कळलं. वर्षाचे ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये मोजून त्याने एका एजन्सीकडून पुश नोटिफिकेशनचं पॅकेज घेतलं होतं. पुश नोटिफिकेशन म्हणजे वेबसाइटवर 'अलाउ' दाबलेल्या ग्राहकाला, म्हणजे सबस्क्रायबरला, फोनवर किंवा संगणकावर ब्राउझरमधून येणारा संदेश. कबूल केलेलं असं: ५० हजार तयार सबस्क्रायबर, आयफोनसकट सगळ्या फोनवर पोच, आणि 'ट्राय मंजुरी'चे, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या परवानगीचे, ५ हजार वेगळे. यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही किंवा लागत नाही. ठाणे-नवी मुंबईत क्लासवाले, इस्टेट एजंट, साडीची दुकानं यांच्या गळ्यात असलीच पॅकेजं मारली जातात, म्हणून हा प्रकार सुटा करून दाखवतो.

आधी ते ५ हजार. जाहिरातीच्या एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेत पाठवणाऱ्याची नोंद) लागते, टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं, हे दुकानदाराला ठाऊक असतं. विकणारा नेमका याचाच फायदा घेतो. वेब पुश मोबाइल कंपनीच्या एसएमएस यंत्रणेतून जातच नाही, त्यामुळे डीएलटी नाही आणि ट्रायची मंजुरीही नाही. क्रोमसाठीचा संदेश गुगलच्या सर्व्हरमधून जातो, फायरफॉक्सचा मोझिलाच्या, सफारीचा ॲपलच्या. आणि हे तिघेही प्रति संदेश पैसे घेत नाहीत. टूलवाले, म्हणजे संदेश पाठवण्याचं सॉफ्टवेअर देणारे, पैसे घेतात ते डॅशबोर्डचे, ग्राहकांचे गट पाडण्याचे, वेळापत्रकाचे, सपोर्टचे. त्यात गैर काहीच नाही. पण 'दर संदेशामागे गुगलला इतके पैसे भरावे लागतात' असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवावं.

आता ५० हजार तयार सबस्क्रायबर. ग्राहक 'अलाउ' दाबतो तेव्हा त्याचा ब्राउझर एक लांबलचक पत्ता तयार करतो, त्याला एंडपॉइंट म्हणतात. सोबत दोन कोड असतात: ब्राउझरची सार्वजनिक किल्ली आणि १६ बाइटचा गुप्त कोड. ही सगळी नोंद दोन गोष्टींना बांधलेली असते. एक, परवानगी ज्या वेबसाइटवर दिली तिचा नेमका पत्ता, सबडोमेनसकट. दुसरी, पाठवणाऱ्याची व्हॅपिड किल्ली. व्हॅपिड ही किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली साधारण ८७ अक्षरांची, खासगी ४३ अक्षरांची. वेबसाइटवर सार्वजनिक किल्ली लावतात, आणि प्रत्येक संदेशावर खासगी किल्लीने सही होते. सही जुळली नाही तर पुश सर्व्हर संदेश नाकारतो. म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवर जमलेले सबस्क्रायबर तुमच्या वेबसाइटला जोडताच येत नाहीत. मोबाइल नंबरांची यादी जशी हातोहात विकली जाते, तशी ही विकता येत नाही. तयार सबस्क्रायबर विकणारा एक तर खोटा आकडा दाखवणार, किंवा स्वतःच्या पत्त्यावर जमवलेल्या लोकांना तुमची जाहिरात पाठवणार.

दुसरी शक्यता ओळखायची खूण अगदी सोपी आहे. स्वतःच्या वेबसाइटवर जा, परवानगीची चौकट येऊ द्या आणि तिच्यातला पत्ता वाचा. तुमच्या डोमेनऐवजी एजन्सीच्या पत्त्याचा शेपटा दिसला, किंवा 'अलाउ' दाबल्यावर वेगळीच छोटी खिडकी उघडली, तर ते सबस्क्रायबर एजन्सीचे. पूर्वी वेबसाइट साध्या, असुरक्षित एचटीटीपीवर असायच्या तेव्हा टूलवाल्यांना हा आडमार्ग घ्यावा लागायचा. क्रोमने २०१७ मध्ये ६२व्या आवृत्तीपासून एचटीटीपी साइटला परवानगी मागायलाच बंदी केली, आणि एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं. आज कोणी हा मार्ग सुचवत असेल तर त्याला तुमची यादी स्वतःकडे अडकवून ठेवायची आहे, एवढंच.

हापूसवाल्याचं एवढं बरं होतं की परवानगी त्याच्याच डोमेनवर घेतली गेली होती. पण व्हॅपिड किल्ली एजन्सीची, आणि वेबसाइटच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवलेली सर्व्हिस वर्करची (ब्राउझरमध्ये बसून संदेश दाखवणाऱ्या कोडची) फाइल एका ओळीची: अमुक सर्व्हरवरून कोड आण आणि चालव. रमीच्या जाहिराती याच दारातून आल्या. खरं तर ही ओळ पुष्कळ नावाजलेल्या, प्रामाणिक टूलमध्येही असते, त्यामुळे नुसती ती दिसली म्हणून फसवणूक झाली असं नाही. तिचा अर्थ इतकाच, की पलीकडचा माणूस तुम्हाला न विचारता केव्हाही कोड बदलू शकतो आणि तुमच्या नावाने काहीही दाखवू शकतो. नावगाव असलेल्या कंपनीवर तेवढा विश्वास टाकता येईल. व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवणाऱ्या, बिलावर कार्यालयाचा पत्ताही नसलेल्या एजन्सीवर नाही. शिवाय २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांची जाहिरात करण्यावरही बंदी घातली आहे, आणि नोटिफिकेशनखाली पत्ता दिसतो तो तुमचा.

डॅशबोर्डची गंमत वेगळीच. तिथे रोज 'डिलिव्हर्ड ९९ टक्के' दिसायचं. संदेश पुश सर्व्हरकडे सोपवला की तो २०१ हे उत्तर देतो. त्याचा अर्थ 'मिळाला, पाठवायला घेतो' एवढाच. फोनवर प्रत्यक्ष उमटला का, हे सर्व्हिस वर्करने उलट कळवलं तरच समजतं. ग्राहकाने परवानगी काढून घेतली किंवा ब्राउझर पुसला, की सर्व्हर ४१० किंवा ४०४ देतो आणि ती नोंद टूलने काढून टाकायची असते. लबाड टूल ती काढत नाही, कारण भाडं सबस्क्रायबरच्या संख्येवर ठरतं. हंगामी धंद्याला याचा फटका जास्त बसतो. मार्च ते मे जमलेली गिऱ्हाइकं पुढच्या मार्चपर्यंत फोन बदलतात, परवानगी काढतात, आणि मालक मेलेल्या नोंदींचं बारा महिने भाडं भरत राहतो. सबस्क्रायबरचा आलेख कधीच खाली येत नसेल तर तो खोटा समजा. दुसरी पडताळणी गुगल ॲनालिटिक्समध्ये करा. वर्षभरात वेबसाइटवर एकूण २० हजार लोक आले असतील, तर सबस्क्रायबर ५० हजार होणार कुठून? प्रत्येक संदेशाच्या लिंकला यूटीएम खुणा (भेट कुठून आली ते सांगणारे शब्द) लावा आणि टूलने सांगितलेले क्लिक ॲनालिटिक्समधल्या भेटींशी ताडून बघा. थोडी तफावत राहतेच. दहापट राहत नाही.

आयफोनबद्दल थोडक्यात. मार्च २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून आयफोनवर वेब पुश चालतं, पण ग्राहकाने वेबसाइट होम स्क्रीनवर जोडली असेल आणि तिथून उघडून परवानगी दिली असेल तरच. सफारीत नुसती साइट उघडली तर परवानगीची चौकटसुद्धा येत नाही. होम स्क्रीनची ही खटपट न करता आयफोनवर सरळ पुश दाखवतो म्हणणाऱ्याला तुमच्या समोर, तुमच्या फोनवर दाखवायला सांगा.

पैसे देण्याआधी चाचणी घ्यायची ती अशी. पाच उपकरणं गोळा करा: दोन अँड्रॉइड फोन, क्रोम असलेला लॅपटॉप, फायरफॉक्स असलेला दुसरा संगणक आणि कोणाचा तरी आयफोन. आयफोनवर साइट आधी होम स्क्रीनवर जोडा, मग पाचही ठिकाणी 'अलाउ' करा. अँड्रॉइड १३ पासून खुद्द क्रोम ॲपलाही नोटिफिकेशनची परवानगी लागते. ती बंद असेल तर वेबसाइटला परवानगी देऊनही काही दिसणार नाही, आणि उगाच टूलला दोष दिला जाईल. आता एक अँड्रॉइड फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पाचांना संदेश पाठवायला सांगा. एअरप्लेन मोडवरचा फोन धरून डॅशबोर्ड 'डिलिव्हर्ड ५' म्हणाला, तर तो २०१ लाच डिलिव्हरी म्हणतोय. योग्य टूल ४ दाखवेल आणि फोन नेटवर आल्यावर ५. क्रोम पूर्ण बंद असलेल्या लॅपटॉपवर संदेश तेव्हा येत नाही, क्रोम उघडल्यावर येतो. तो दोष टूलचा नव्हे. मग दोन उपकरणांवर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावरून साइटची परवानगी काढून टाका आणि दोनदा संदेश पाठवा. सबस्क्रायबर ३ वर यायला हवेत. ५ वरच अडकले तर ते टूल घेऊ नका.

याच बैठकीत संदेशाची मुदत सेकंदांत कुठे टाकायची ते विचारा, तिला टीटीएल म्हणतात. ती दिली नाही तर गुगलचा सर्व्हर बंद फोनसाठी संदेश चार आठवडेही धरून ठेवतो, आणि 'आज संध्याकाळी ६ पर्यंत डझनामागे सूट' हा मजकूर माणसाला दोन दिवसांनी वाचायला मिळतो. चार तासांच्या सवलतीला १४,४०० लिहायचं. टीटीएल म्हटल्यावर विकणाऱ्याचा चेहरा कोरा झाला तर पुढचं बोलणं आपोआप आटोपतं.

वेबसाइट उघडताक्षणी परवानगी मागणारं पॅकेजही नको. फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून ग्राहकाने काही दाबल्याशिवाय चौकट दाखवणं बंद केलं, सफारीतही तेच. क्रोममध्ये नकार फार झाले की तुमची विनंती एका बारीक घंटेत गडप होते. 'हापूस आला की कळवा' असं बटण ठेवा, ते दाबल्यावर परवानगी मागा. संख्या कमी जमते, पण ती माणसं खरी असतात.

करारात पाहिजे ते एवढंच: परवानगी आमच्याच डोमेनवर घेतली जाईल, मागितल्यापासून सात दिवसांत एंडपॉइंट, दोन्ही कोड आणि व्हॅपिडची खासगी किल्ली फाइलमध्ये मिळेल, आमच्या मजकुराखेरीज दुसरा मजकूर जाणार नाही. खासगी किल्ली नसलेली यादी म्हणजे रद्दी. काही टूल सगळ्या ग्राहकांसाठी एकच जोडी वापरतात आणि म्हणून किल्ली देत नाहीत. हे आधीच कळलेलं बरं. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे स्वतःच्या गुगल खात्यावर फायरबेसचा (पुश पाठवता येणाऱ्या गुगलच्याच सेवेचा) प्रकल्प उघडायचा, क्लाउड मेसेजिंगच्या सेटिंगमध्ये किल्ल्यांची जोडी तयार करायची, मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवायची आणि एजन्सीला फक्त 'एडिटर' म्हणून जोडायचं. काम संपलं की काढून टाकता येतं. एजन्सीच्या खात्यावर प्रकल्प काढून 'नंतर ट्रान्स्फर करू' म्हणतात, ते नंतर कधी येत नाही.

आधीच अडकला असाल तर. 'आम्हाला सोडलंत तर सगळे सबस्क्रायबर जातील' ही धमकी अर्धीच खरी आहे. परवानगी वेबसाइटला दिलेली असते, टूलला नाही. ग्राहक पुन्हा साइटवर आला की नवीन टूल जुनी नोंद रद्द करून नव्या किल्लीवर नवी नोंद करू शकतं, तेही परत चौकट न दाखवता. जुनी नोंद आधी रद्द करावी लागते, नाहीतर ब्राउझर नवी किल्ली नाकारतो. नवखे डेव्हलपर इथेच घोळ घालतात. जे परत येतच नाहीत ते मात्र गेले.

वेबसाइटवरून टूलचं प्लगइन काढलं म्हणजे सुटलो असंही नाही. सर्व्हिस वर्कर ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये बसलेला असतो. सर्व्हरवरची फाइल पुसली तर ब्राउझरला नवीन काही सापडत नाही आणि जुना कोड तसाच चालू राहू शकतो. म्हणून त्याच नावाने, त्याच जागी स्वतःची फाइल ठेवा, जी जुनी नोंद रद्द करेल. ग्राहक साइटवर आला की ब्राउझर ती तपासतो. आणि शेवटच्या तपासणीला २४ तास उलटले असतील तर पुश आल्यावरसुद्धा तपासतो. म्हणजे जुन्या एजन्सीने रमीची जाहिरात ढकलली तरी तिनेच नवी फाइल आणवली जाते. एक-दोन जाहिराती तरीही जातील, ग्राहकांना तसं आधी कळवून ठेवा. मग गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये गैरवापराच्या नोटिफिकेशनचा अहवाल बघा; तुमची साइट तिथे अडकली असेल तर क्रोम परवानगीच्या चौकटीतच ग्राहकाला इशारा देतो. सफाई झाल्यावर फेरतपासणी मागावी लागते.

तक्रारीसाठी बिल, कोटेशनचे व्हॉट्सॲप मेसेज, तारखेसह स्क्रीनशॉट आणि ती एका ओळीची फाइल जपून ठेवा. बिलावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा; महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः धंदा करणाऱ्याला दिलेली सूट त्यात वस्तूंपुरतीच लिहिलेली आहे, त्यामुळे एकट्याने धंदा करणाऱ्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याआधी वकिलाला विचारून घ्यावं. कंपनी असेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. आणि यूपीआय ॲप उघडून 'ऑटो पे' बघा. एजन्सीने नूतनीकरणाचं मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची संमती, पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलेलं असू शकतं. ते तिथूनच रद्द होतं, त्यांना विचारावं लागत नाही.